दुसऱ्याने गाडी ठोकली तर खर्च कसा वसूल करायचा

पहिलं म्हणजे भांडत बसू नका, आधी दोन्ही गाड्यांचे फोटो काढा, नंबर प्लेट आणि डेंट एकाच फोटोत आला पाहिजे. समोरच्याचं लायसन्स, इन्शुरन्सचा पण फोटो घ्या.

छोटा डेंट असेल आणि समोरचा पैसे द्यायला तयार असेल तर तिथेच आकडा ठरवू नका, बंपरला नुसता ओरखडा वाटतो आणि आतले क्लिप तुटलेले असतात, म्हणून गॅरेजचं लेखी एस्टिमेट घेऊन मगच काय ते बोला. कलर उडाला नसेल तर पेंटलेस डेंट रिमूव्हल (रंग न लावता डेंट बाहेर काढणं) विचारा, अख्खा पॅनल रंगवण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

तो पळाला किंवा हात वर केले तर आपला ओन डॅमेज क्लेम, म्हणजे आपल्याच इन्शुरन्समधून आपल्या गाडीचा खर्च घेणं. पण आधी हिशोब करा हं. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आपल्याच खिशातून जातात, झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक पार्टचे ५० टक्के कापतात, वर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो तो वेगळाच. समजा ओन डॅमेज प्रीमियम बोनस धरण्याआधी ८००० आणि पुढच्या वर्षी मिळणारा बोनस ३५ टक्के, म्हणजे २८०० चं नुकसान, मग ४००० च्या कामासाठी कशाला क्लेम? चूक त्याची असली तरी बोनस आपलाच जातो, हे मला तरी अजिबात पटत नाही.

क्लेम करायचाच असेल तर इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येईपर्यंत गाडी खोलू देऊ नका.

मोठं नुकसान असेल तर पोलिसात एफआयआर करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात समोरच्याच्या थर्ड पार्टी इन्शुरन्सवर (त्याच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा) दावा टाकता येतो, पण तिथे वेळ जातो.