नवीन डीव्हीआर बसवताय? आधी वायरचं बघा

सीसीटीव्हीचा नवीन डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र रेकॉर्ड करणारा डबा, घरात आला की आपण आधी काय करतो, तर खोका फोडतो, टीव्हीला लावतो आणि मोबाईलवर दिसतंय का ते बघतो. वायर कुठली टाकायची हे सगळ्यात शेवटी, "असेल ती द्या" म्हणून उरकतो. मी पण तेच केलं होतं म्हणून सांगतोय, डीव्हीआर चुकीचा निघाला तर अर्ध्या तासात बदलता येतो, पण एकदा भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेली वायर परत काढायची म्हणजे भिंतीचा रंग पण जातो आणि आपला रविवार पण.

झालं असं की माझा मागच्या बाजूचा कॅमेरा दिवसभर झकास दिसायचा आणि अंधार पडला की स्क्रीनवर 'व्हिडिओ लॉस'. सकाळी परत आपोआप चालू. कॅमेरा बदलून बघितला, चॅनल बदलून बघितलं, डीव्हीआर तीनदा रिसेट मारला, काही नाही. शेवटी मल्टिमीटर घेऊन शिडीवर चढलो तर कॅमेऱ्याच्या पिनवर दिवसा पावणेअकरा व्होल्ट आणि रात्री नऊच्याही खाली! पाहिजे १२. रात्री अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड एलईडी लागतात, करंट वाढतो, आणि माझी पॉवरची वायर इतकी बारीक होती की व्होल्टेज वाटेतच संपत होतं.

हा हिशोब सोपा आहे, एकदा करून ठेवा. ०.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, कॅमेरा ५० मीटरवर, म्हणजे जाऊन येऊन १०० मीटर, त्याचा रेझिस्टन्स साधारण साडेतीन ओहम. कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला तर पावणेदोन व्होल्ट गेले, उरले सव्वादहा. बरेच कॅमेरे एवढ्यावर चालतील पण काठावर. वायर याच्या निम्मी, म्हणजे ०.२५ स्क्वेअर एमएमची असेल तर ड्रॉप डबल, मग रात्री बोंब. म्हणून लांबच्या कॅमेऱ्याला एकतर जाड वायर टाका नाहीतर त्याच्या जवळच प्लग असेल तर तिथेच १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लावा, मी शेवटी तेच केलं. एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणाऱ्या डब्यावर, व्होल्टेज थोडं वाढवायचा बारीक स्क्रू असतो पण तो पिळायच्या आधी विचार करा, कारण जवळच्या कॅमेऱ्यांना पण तेच वाढलेलं व्होल्टेज जातं.

आता केबल. डीव्हीआरसाठी बहुतेक जण थ्री प्लस वन वापरतात, म्हणजे एक कोअॅक्स (मधे एक तार आणि भोवती जाळी असलेली केबल) व्हिडिओसाठी आणि तीन बारीक वायरी, त्यातल्या दोन पॉवरला आणि एक माइकला. ओढायला एकच बंडल, सोपं पडतं. फक्त बंडलवर काय छापलंय यावर जाऊ नका, टोक सोलून ब्लेडने तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं नाही, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो आणि तार दोनदा वाकवली की तुटते. कोअॅक्सची जाळी पण बघा, दाट पाहिजे, चार केस आणि खाली फॉइल असली वायर लांब अंतराला नको. अंतर जास्त असेल तर व्हिडिओसाठी आरजी ५९ किंवा आरजी ६ प्रकारची कोअॅक्स आणि पॉवरची जाड वायर वेगळी, हे सगळ्यात उत्तम. कोअॅक्स कुठलीही घ्या पण ७५ ओहमचीच घ्या, वायरलेस अँटेनाची ५० ओहमची पण तशीच दिसते आणि घाईत तीच उचलली जाते.

कॅमेऱ्याची केबल लाइटच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

बीएनसी कनेक्टर, म्हणजे कोअॅक्सच्या टोकाला लावायची पिन, हा सगळ्यात फालतू दिसणारा आणि सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग. स्क्रूवाल्यापेक्षा क्रिंपवाला, म्हणजे पकडीने दाबून बसवायचा, चांगला. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला चिकटला तरी चित्र गेलं, म्हणून सोलल्यावर सगळे केस मागे वळवून घ्या, मधली तार नखाने चाचपून बघा आणि मगच दाबा. चित्रावर आडवे पट्टे वर सरकताना दिसले तर बऱ्याचदा अर्थिंगचा लोचा असतो, कॅमेऱ्याची बॉडी लोखंडी खांबाला टेकलेली असेल तर मध्ये प्लास्टिकचा बॉक्स घालून बघा.

डीव्हीआरपासून टीव्हीला जाणाऱ्या एचडीएमआय केबलवर फार डोकं लावू नका. सिग्नल डिजिटल आहे, दीड-दोन मीटरला सोन्याचा मुलामा असो नसो चित्र तेच. टीव्ही लांब असेल, दहा-पंधरा मीटरच्या पुढे, तरच चांगली केबल लागते.

डीव्हीआर घेतानाच एक बघा, कॅमेरा ५ मेगापिक्सलचा आणि डीव्हीआर २ मेगापिक्सलपर्यंतचा असेल तर बऱ्याचदा चित्रच येत नाही. हार्ड डिस्क सर्व्हेलन्सवाली घ्या, दिवसरात्र लिहायला बनवलेली असते, जुन्या कॉम्प्युटरमधली काढून लावली तर काही महिने चालेल पण मग ऐन वेळी दगा देईल. लावताना प्लग काढलेला असू द्या. मग मेनूमध्ये जाऊन फॉरमॅट करा, हे विसरलात तर लाइव्ह दिसेल आणि रेकॉर्ड काहीच होणार नाही. किती दिवस पुरेल? चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएस बिटरेटने (सेकंदाला २ मेगाबिट रेकॉर्डिंग) म्हणजे दिवसाला साधारण ८६ जीबी, १ टीबीत अकरा-बारा दिवस. एच २६५ ही व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत चालत असेल तर तीच निवडा, तशाच चित्राला बिटरेट बराच कमी ठेवता येतो.

पासवर्ड आल्याआल्या बदला, खरंच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या साइट बंद पाडल्या, मालकांना पत्ता पण नव्हता. मोबाईलवर बघायचं असेल तर क्यूआर कोडवाली सोय वापरा, राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडत बसू नका. तारीख आणि टाइम झोन नीट लावा, चार तास पुढे असलेल्या घड्याळाचं फुटेज कुणाला दाखवायचं म्हटलं तर समजावताना नाकी नऊ येतात.

सगळं लागल्यावर लगेच पट्टी बंद करू नका. एक रात्र जाऊ द्या, सकाळी प्लेबॅक लावून प्रत्येक कॅमेऱ्याचं रात्री दोनचं फुटेज बघा, त्यातली पाच मिनिटं पेनड्राइव्हवर काढून लॅपटॉपवर चालतात का तपासा. चाललं तर मग पट्टीचं झाकण दाबा.