ट्रकची क्लॉक स्प्रिंग घरी बदलताना: सगळा खेळ मध्याचा

सुरुवात हॉर्नपासून झाली. स्टिअरिंग सरळ असलं की हॉर्न गप्प, डावीकडे वळवलं की वाजायचा. फ्यूज पाहिला, रिले (हॉर्नचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बदलून पाहिला, हॉर्नला थेट बॅटरीवरून करंट दिला तर खणखणीत वाजला. चार दिवसांनी डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला, तो विझेचना. स्टिअरिंगवरची क्रूझ कंट्रोलची (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी) बटणंही मेली. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की पहिला संशय क्लॉक स्प्रिंगवर घ्यायचा, कारण या सगळ्यांच्या तारा तिच्यातूनच जातात. आणि हे काम लांबणीवर टाकू नका. तो दिवा लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नसतो.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगच्या मागे बसवलेली प्लॅस्टिकची चपटी गोल डबी. आत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, तांब्याच्या बारीक वाहिन्यांची पातळ पट्टी असते. स्टिअरिंग फिरेल तसे तिचे वेढे सैल किंवा घट्ट होतात, म्हणून तारा न पिळता करंट पोचत राहतो.

कामाला हात लावण्याआधी आपल्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. एअरबॅग कशी सुटते, नट किती टॉर्कला (म्हणजे किती जोराने) आवळायचा, हे गाडीगणिक बदलतं. अंदाजाने करायचं हे काम नाही.

चाकं सरळ करून किल्ली काढली, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून बाजूला बांधून ठेवली, आणि मग थांबलो. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तो चार्ज धरून ठेवतो. किती मिनिटं थांबायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, मी अर्धा तास थांबतो. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून बॉडीच्या उघड्या धातूला हात लावायचा आणि मगच एअरबॅगकडे वळायचं. माझ्या ट्रकमध्ये स्टिअरिंगच्या मागच्या भोकांतून स्क्रूड्रायव्हर घालून आतल्या तारेच्या क्लिपा दाबाव्या लागतात. काही गाड्यांत तिथे बोल्ट असतात. पिवळ्या कनेक्टरचं लॉक आधी उचलायचं, तार धरून ओढायचं नाही. सुटलेली एअरबॅग अंगापासून लांब धरून न्यायची आणि झाकणाची बाजू वर करून ठेवायची. उलटी ठेवली आणि चुकून उडाली, तर ती झेप घेते. तिच्या पिनांना मल्टीमीटर लावू नका, मीटरचा बारीकसा करंटही धोक्याचा ठरू शकतो.

स्टिअरिंगचा नट सैल केला, पण दोन-तीन आट्यांवर तसाच राहू दिला. शाफ्ट (स्टिअरिंग ज्यावर बसतं तो दांडा) आणि स्टिअरिंगवर रंगाने एकच रेघ ओढली. मग पुलर, म्हणजे स्टिअरिंग ओढून काढायचं अवजार, लावला. हातोडा मारू नका: अपघातात दबावा असाच कॉलम (शाफ्टभोवतीचा सांगाडा) बनवलेला असतो, ठोके त्यालाच बसतात. पुलर आवळता आवळता कटकन आवाज झाला आणि स्टिअरिंग नटापर्यंत येऊन अडकलं. तो नट नसता तर ते थेट तोंडावर आलं असतं.

जुनी डबी उघडून पाहिली, तर पट्टी घडीपाशी अर्धी फाटलेली. वाहिन्यांची तुटलेली टोकं वळवताना एकमेकांना टेकायची आणि हॉर्न वाजायचा. कारणही तेव्हाच उमगलं. पंधरा दिवसांपूर्वी मी स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा भाग) उतरवला होता आणि स्टिअरिंग बांधून ठेवलं नव्हतं. रॅक नसला की त्याला अडवणारं काहीच उरत नाही, ते गरागरा फिरतं आणि पट्टी ताणून तोडतं. तेव्हा सीटबेल्टने स्टिअरिंग बांधलं असतं तरी हा खर्च टळला असता.

आता मुख्य गोष्ट, मध्य. माझ्या ट्रकचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन फेरे घेतं, म्हणजे मधून प्रत्येक बाजूला पावणेदोन. पट्टीला एकूण पाच फेरे जाता येतं, प्रत्येक बाजूला अडीच. ती एका फेऱ्याने चुकीची बसली, तर एका बाजूला दीडच फेरा उरतो. सरळ रस्त्यावर काहीच कळणार नाही. पार्किंगमध्ये पहिल्यांदा पूर्ण वळवाल तेव्हा शेवटच्या पाव फेऱ्यात नवी पट्टी तुटेल.

नवी स्प्रिंग मध्यावर लॉक होऊनच येते. डबी बसवून स्क्रू आवळेपर्यंत ती लॉकची पिन काढू नका, आणि स्टिअरिंग उतरलेलं असताना चाकं हलवू नका. पिन आधीच निघाली, तर मॅन्युअलप्रमाणे एका टोकापर्यंत अगदी हलक्या हाताने फिरवा, अडलं की थांबा, आणि दिलेले फेरे मोजत परत येऊन खुणा जुळवा. फेरे मोठ्याने मोजा, मनात गडबड होते.

मग रेघा जुळवून स्टिअरिंग बसवलं, नट टॉर्क रेंचने आवळला, कनेक्टर टिचकन लागल्याची खात्री केली. बॅटरी जोडून किल्ली फिरवताना एअरबॅगसमोर कोणी बसायचं नाही. मी दाराबाहेरून हात घालून फिरवली. गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेला बिघाडाचा कोड एअरबॅगची प्रणाली वाचणाऱ्या स्कॅनरनेच पुसावा लागला. साधे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनापलीकडे जात नाहीत. ज्या गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती वळलं ते मोजणारा) याच डबीत असतो, तिथे त्याचं कॅलिब्रेशनही, म्हणजे त्याचं शून्य नव्याने जुळवणंही, करावं लागतं.

दिवा काही सेकंद लागला आणि विझला. इंजिन सुरू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेलं, हॉर्न दाबला. मग पूर्ण उजवीकडे. दोन्हीकडे वाजला.