वळणावर अवजड वाहन कलंडू नये म्हणून

भरलेला ट्रक वळणावर आडवा झालेला दिसला की तो घसरून पडला असावा, असे आपण सहज गृहीत धरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र बहुतेक वेळा तसे नसते. मोटार वेगाची मर्यादा ओलांडते तेव्हा आधी तिचे टायर घसरतात, कर्कश आवाज करतात आणि चालक सावध होतो. उंच भरलेला ट्रक मात्र टायरांची पकड शाबूत असतानाच कलंडतो. त्यामुळे वळणात शिरल्यावर धोका जाणवेल आणि मग सावरता येईल, या भरवशावर अवजड वाहन चालवू नये. वेग किती असावा हा निर्णय वळणाच्या आधीच घ्यायचा असतो.

वाहन किती तोल सांभाळू शकते याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूच्या, जमिनीपासूनच्या उंचीने भागावे. चाकांमधील अंतर 2 मीटर आणि मालासह गुरुत्वमध्याची उंची 2 मीटर धरल्यास उत्तर 0.5 येते, म्हणजे वजनाच्या निम्म्याइतका आडवा जोर बसला की आतली चाके जमीन सोडतात. प्रत्यक्षात स्प्रिंगपाटे आणि टायर बाहेरच्या बाजूला दबतात, हौदा झुकतो आणि गुरुत्वमध्यही बाहेर सरकतो, त्यामुळे भरलेल्या ट्रकची खरी मर्यादा 0.35 ते 0.4 च्या आसपास येऊन ठेपते. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या साधारण 0.7 पट असते, ट्रक घसरण्याआधी का कलंडतो, हे या दोन आकड्यांवरून कळते.

आता वेगाकडे पाहू. आडवा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 50 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी 30 किलोमीटर वेगाला तो 0.14 असतो, 40 ला 0.25 आणि 50 ला 0.39. म्हणजे चाळिशीत निर्धास्त वाटणारे तेच वळण पन्नाशीत थेट मर्यादेवर नेऊन सोडते, आणि स्पीडोमीटरवर फरक दिसतो तो अवघा दहाचा. वळणावरील फलकावर लिहिलेला वेग उंच भरलेल्या वाहनाने कमाल मर्यादा समजू नये. त्याच्या बराच खाली राहावे, असे माझे मत आहे. रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता असेल, तर वेग आणखी कमी ठेवावा लागतो.

ब्रेक सरळ रस्त्यावरच लावून घ्यावा, योग्य गिअर वळणापूर्वीच टाकावा आणि वळणात एक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवावा. उतारावर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण ब्रेक आधीच तापलेले असतात. महामार्गावरून उतरणाऱ्या रस्त्यांची वळणे अनेकदा पुढे अधिक आवळत जातात, तेव्हा सुरुवातीच्या वळणावरून पुढचा अंदाज बांधू नये. वेग जास्त झाल्याचे आत गेल्यावर लक्षात आलेच, तर स्टिअरिंगला झटका न देता ब्रेक हळुवार दाबावा.

ट्रेलर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मागचा ट्रेलर आधी कलंडू लागतो आणि पुढच्या केबिनमध्ये त्याची जाणीव उशिरा पोचते. आरशात ट्रेलरचे आतले मागचे चाक आणि रस्ता यांच्यात फट दिसू लागते, तोपर्यंत करण्यासारखे फारसे उरलेले नसते. शिवाय ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. ती दुभाजकाच्या कडेवर चढली, तर कमी वेगातही तोल जाऊ शकतो.

अर्धवट भरलेला टँकर हा प्रकार सर्वांत फसवा. वजन कमी म्हणून चालक निश्चिंत असतो, पण वळणावर द्रव बाहेरच्या बाजूला चढतो, तिथून उसळून परततो आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी गुरुत्वमध्य हलवतो. टाकीतील आडव्या छिद्रित पडद्या द्रवाचे पुढेमागे आदळणे कमी करतात, बाजूचे हेलकावे त्या फारशा रोखत नाहीत. दूध किंवा खाद्यतेलाच्या टाक्यांत तर स्वच्छतेसाठी अनेकदा पडद्या नसतातच. म्हणून शक्य असेल तिथे टाकीचे काही कप्पे नियमानुसार पूर्ण भरावेत आणि बाकीचे रिकामे ठेवावेत.

माल भरताना जड वस्तू तळाशी आणि मध्यरेषेवर ठेवावी, पट्ट्या घट्ट आवळाव्यात आणि थोडे अंतर गेल्यावर थांबून पुन्हा तपासाव्यात, कारण सुरुवातीच्या धक्क्यांत माल बसतो आणि पट्ट्या सैल पडतात. तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असल्यास ती इंजिनाचा जोर कमी करून आपोआप ब्रेक लावते. मात्र अतिवेगाने वळणात शिरलेल्या वाहनाला ती दरवेळी वाचवू शकत नाही.

चाक साइडपट्टीच्या मऊ मातीत उतरले, तर ते झटक्याने डांबरावर ओढू नये. खोल कडेला अडकलेला टायर अचानक पकड घेतो आणि वाहन तिथेच पलटी खाते. स्टिअरिंग घट्ट धरून पुढे अडथळा नसेल तर सरळच चालत राहावे, वेग आपोआप पुरेसा उतरू द्यावा आणि कडा जिथे कमी उंच असेल तिथून हळूच वर यावे.