पायथनमध्ये मराठी मजकुराचे शब्द सुटे कसे करावेत

फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडा आणि युनिकोडडेटा मॉड्यूलने मजकूर एनएफसी रूपात, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या एकाच ठरावीक युनिकोड रूपात, आणा. ऱ कुठे एका कोडचा असतो, कुठे र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) मिळून दोन कोडचा. हे आधी एकसारखं केलं नाही, तर पुढे तोच शब्द दोनदा मोजला जातो.

मोकळ्या जागांवर तोडायला पायथनचं स्प्लिट फंक्शन पुरे, पण कंस रिकामा ठेवा. कंसात स्पेस दिलीत, तर लागोपाठच्या दोन स्पेसमुळे यादीत रिकामे शब्द येतात आणि टॅब किंवा नव्या ओळीवर शब्द तुटतच नाही.

आता हा पत्ता बघा: ‘शनिवार पेठ, दुसऱ्या मजल्यावर, पुणे-४११०३०’. स्प्लिटनंतर स्वल्पविराम ‘पेठ’ला चिकटलेलाच राहतो. मग जो तो सांगतो, ‘री मॉड्यूल (नमुना देऊन मजकूर शोधणारं) घे आणि बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस लिही.’ मराठीसाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे. मी सगळ्यात जास्त झगडलो ते इथेच. ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ होतात, ‘शनिवार’चे ‘शन’, ‘व’, ‘र’. री मॉड्यूलचा डब्ल्यू फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर ओळखतो. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या लेखी जोडचिन्हं, म्हणून तो प्रत्येक चिन्हापाशी शब्द तोडतो. एरर येत नाही, प्रोग्रॅम मुकाट चालतो, आणि म्हणूनच हे जास्त घातक आहे.

त्यावर सुचवला जाणारा दुसरा उपाय म्हणजे नमुन्यात ०९०० ते ०९७एफ या युनिकोड क्रमांकांचा अख्खा देवनागरी पट्टा देणं. तोही तसाच घेऊ नका. ०९६४ आणि ०९६५ हे एकेरी आणि दुहेरी दंड त्यातच बसलेत. अभंग किंवा ओव्या तोडायला घ्या, दर चरणाअखेरचा शब्द दंडासकट येईल. चौकटी कंसात ०९०० ते ०९६३ आणि ०९६६ ते ०९७एफ असे दोन तुकडे द्या. त्याच कंसात २००सी आणि २००डी हे अदृश्य जोडकही हवेतच. जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या ‘दुसर्‍या’त र, हलन्त आणि य यांच्यामध्ये २००डी दडलेला असतो, तो गाळलात की शब्दाचे दोन तुकडे. चौकटी कंसापुढे प्लस लावा आणि री मॉड्यूलचं फाइंडऑल (जुळणारे सगळे तुकडे यादीत देणारं फंक्शन) चालवा. मजकुरात इंग्रजीही असेल, तर रोमन अक्षरं आणि अंक त्याच कंसात घाला.

हायफनवर ‘शनिवार-रविवार’ तुटतो. मला तसाच हवा असतो. तुम्हाला जोडून हवा असेल, तर हायफनला फक्त दोन अक्षरांच्या मध्ये परवानगी द्या.

‘पुणे’, ‘पुण्यात’, ‘पुण्याचा’ हे वेगळेच राहतील. त्यांना एका मूळ शब्दाखाली आणणं हे स्टेमिंगचं काम आहे; ते या पॅटर्नमध्ये कोंबू नका.