फोनिक्सचा संच घेताना पहिलं वाचनपुस्तक उघडून बघा

घरीच शिकणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलासाठी कोल्हापुरात महाद्वार रोडवर फोनिक्सचा (अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकवण्याची पद्धत) संच बघत असाल, तर रंगीत तक्ते बाजूला ठेवा आणि पहिलं वाचनपुस्तक मागा. संचात सुरुवातीला एस, ए, टी, पी, आय, एन शिकवले असतील, तर त्या पुस्तकात ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’ असेच शब्द हवेत. तिथं ‘एलिफंट’, ‘हाउस’ दिसले, तर पोरगं चित्र बघून अंदाज ठोकणार. असा संच घेऊच नका.

मग ऑडिओ ऐका. एमचा उच्चार ‘म’ नको, ओठ मिटून लांबवलेला ‘म्ऽऽ’ हवा. आपल्या मुळाक्षरांत प्रत्येक व्यंजनाला ‘अ’ चिकटलेला असतो. त्यामुळे मूल ‘ब-ॲ-ट’ म्हणत राहतं आणि ‘बॅट’ काही जुळत नाही. सगळ्यात जास्त गाडी इथंच अडते. म्हणून जोडणी ‘मॅट’, ‘सॅट’पासून सुरू करा, म्, स् लांबवता येतात, ब् लांबवता येत नाही, तो नंतर घ्या.

रोज पंधरा मिनिटं भरपूर झाली. ‘पेन’ आणि ‘पॅन’ मात्र डोळे मिटून ओळखायला लावा; हा फरक मराठी कानाला उशिरा कळतो.