हरिहरेश्वरची प्रदक्षिणा : आधी तिथी पाहावी

रायगड जिल्ह्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ समुद्रात घुसलेल्या हरिहरेश्वरच्या डोंगराला पायी प्रदक्षिणा घालायची असेल, तर निघण्याची वेळ घड्याळाने नव्हे, ओहोटीनेच ठरवावी लागते. कारण काळभैरव मंदिराच्या मागून चढून गेलेली वाट पुढे कातळाच्या अरुंद फटीतल्या पायऱ्यांनी थेट खाली उतरते आणि तिथून पुढचा रस्ता म्हणजे लाटांनी झिजवलेला खडकच असतो, जो भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. उदाहरणार्थ, पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती असते, म्हणून सुमारे सहा तास आधी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी असते. पायऱ्या त्याच्या तासभर आधी उतराव्यात. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येत असली तरी ते भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने पाणी फारसे मागे हटत नाही. त्यापेक्षा तृतीया ते पंचमीची सकाळ मला अधिक सोयीची वाटते. हा अंदाज दिवस निवडण्यापुरताच धरावा आणि नेमकी वेळ स्थानिकांना विचारून घ्यावी.

मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पडलेला खडक कोरडा असेल तर पाय चांगला धरतो, पण हिरवट शेवाळाच्या पट्ट्यावर कोणतीही चप्पल टिकत नाही. पावसाळ्यात मात्र तिथी कोणतीही असो, खाली उतरू नये.