यॉर्कटाऊनचा वेढा शाळेच्या अंगणात: माती, माप आणि तारखा

दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांना यॉर्कटाऊनचा वेढा सहज जमतो. फक्त किल्ल्यासारखा एकदा बांधला, मावळे मांडले आणि मोकळे झालो, असं इथे करू नका. अमेरिकन आणि फ्रेंच सैन्याने यॉर्कटाऊनमधल्या इंग्रजांना वेढलं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा निकाल 1781 च्या ऑक्टोबरात लागला तो फावड्याच्या जोरावर, रात्री खणून पुढे सरकत. त्यामुळे देखावाही 6 ते 19 ऑक्टोबर असा तारखेनुसारच खणत न्यावा. आयता तयार देखावा पाहून कोण कुठून पुढे सरकलं ते कळत नाही.

जागा 3 मीटर बाय 3 मीटर घ्या. 1 मीटर म्हणजे 1 किलोमीटर धरा, हिशेब सोपा जातो. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका, सुतळी ताणा, फक्कीने रेघा मारा. उत्तरेला 40 सेंटीमीटरची पट्टी ग्लॉस्टर पॉइंटची, मग 80 सेंटीमीटर यॉर्क नदी, उरलेले 180 सेंटीमीटर दक्षिण तीराचे. यॉर्कटाऊन गाव याच तीराला अगदी नदीला लागून आहे. नदीत पाणी सोडू नका, माती ते पिऊन टाकते आणि काठ ढासळतो. प्लास्टिक अंथरून निळी रांगोळी पसरली की पुरे.

आता माती. सहा सेंटीमीटरचा थर द्यायला साधारण 40 घमेली लागतात. नुसती काळी माती कधीच वापरू नका. ती सुकताना आकसते, दुसऱ्या दिवशी बोटबोट रुंद भेगा पडतात आणि भेग कुठली, चर कुठला, हेच कळेनासं होतं. धाब्याच्या घरावर टाकतात ती पांढरी माती मिळाली तर उत्तम, नाहीतर चाळलेला मुरूम घ्या. तीन भाग पांढरी, एक भाग काळी, वर दोन घमेली गव्हाचा भुसा. मुठीत दाबून लाडू वळला आणि हात ओला झाला नाही, म्हणजे पाणी बरोबर पडलं. परतीचा पाऊस याच दिवसांत गाठतो. रात्री मेणकापड अंथरताना खाली विटा ठेवून ते उचलून धरा, मातीला चिकटलं तर सकाळी काढताना गढ्यांचे कोपरे सोबत येतात.

गावाभोवती इंग्रजांची मातीची तटबंदी करा. पूर्वेला, नदीजवळ, तटबंदीच्या पुढे दोन सुट्या गढ्या बांधा आणि त्यांवर 9 व 10 असे आकडे लावा. 10 नंबरची अगदी काठावर. दोन्हींभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण खोवा. तिथे खरोखरच टोकदार फांद्यांचा अडसर होता.

6 ऑक्टोबरला पहिला चर. तटबंदीपासून सुमारे 55 सेंटीमीटरवर, 1.8 मीटर लांब, गावाला समांतर. खोली मापात ठेवायला गेलात तर माणूस दडेल एवढा चरही दीड-दोन मिलिमीटरच भरेल, म्हणून खोली आणि रुंदी दोन-दोन सेंटीमीटर घ्या आणि मुलांना तसं सांगून टाका. इथे चूक हमखास होते: खणलेली माती मुलं आपल्या बाजूला ओढतात. माती शत्रूच्या बाजूला टाकायची, तोच आडोसा. तो टिकावा म्हणून काटक्यांच्या बिनबुडाच्या टोपल्या मातीने भरून ओळीने उभ्या करत. तुराट्यांचे बोटभर तुकडे सुतळीने बांधले की तशा टोपल्या होतात. चराच्या डाव्या, म्हणजे पश्चिम अंगाला फ्रेंच, उजवीकडे अमेरिकन.

तोफा 9 तारखेच्या दुपारनंतर मांडा, आधी नाही. 10 तारखेच्या रात्री नदीतलं एक जहाज लाल रांगोळीने पेटवा. फ्रेंचांच्या तापवलेल्या गोळ्यांनी इंग्रजांचं ‘चॅरन’ जळालं ते त्याच रात्री.

11 तारखेला दुसरा चर, तटबंदीपासून साधारण 27 सेंटीमीटरवर. हा मुद्दाम अर्धवट ठेवा. नदीपर्यंत नेऊ लागलात की 9 आणि 10 आडव्या येतात. सगळ्या वेढ्याची गाठ इथे आहे आणि खणणाऱ्या मुलाचं खुरपं त्या काट्यांशी अडलं की ती त्याला आपोआप कळते. 14 तारखेच्या रात्री दोन्ही गढ्यांवर 400-400 माणसं गेली. 9 वर फ्रेंच, 10 वर अलेक्झांडर हॅमिल्टनचे अमेरिकन. आवाज होऊ नये म्हणून अमेरिकनांच्या बंदुका रिकाम्या होत्या, भिस्त संगिनींवर. कुंपण तुटण्याची वाट न पाहता ते आत घुसले. फ्रेंच वाट तोडेपर्यंत थांबले, म्हणून त्यांची माणसं जास्त पडली. आता काटे उपसा आणि चर थेट नदीला भिडवा.

एक फळी वेगळी ठेवा, समुद्राची. चेसापीक उपसागराचं तोंड या मापात अंगणात मावत नाही. फळीवर कागदाच्या होड्या: फ्रेंच आरमारप्रमुख द ग्रासच्या 24, इंग्रज आरमारप्रमुख ग्रेव्ह्जच्या 19, तारीख 5 सप्टेंबर. या लढाईनंतर इंग्रजांची समुद्राची वाट बंद झाली. ही फळी गाळली की इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस बोटीत बसून निघून का गेला नाही, हा प्रश्न पहिलीच मुलगी विचारते आणि उत्तर देखाव्यात सापडत नाही. 16 च्या रात्री त्याने सैन्य ग्लॉस्टरला उतरवायला सुरुवात केली तेव्हा वादळाने होड्या पांगल्या. रांगोळीवर तीन-चार होड्या वाकड्यातिकड्या ठेवा.

17 ला तटावर एक ढोलवाला आणि पांढरा रुमाल धरलेला अधिकारी. 19 ला गावातून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर शरण निघालेली रांग. रांगेच्या पुढे कॉर्नवॉलिस ठेवू नका. आजारी असल्याचं सांगून तो आला नाही, आपल्या हाताखालच्या ओ’हाराला पाठवलं. युद्ध संपवणाऱ्या तहावर सह्या व्हायला 3 सप्टेंबर 1783 उजाडलं.

कॉर्नवॉलिसची बाहुली गावातच राहू द्या आणि तिच्याजवळ चिठ्ठी लावा: हाच माणूस 1786 मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि 1790 मध्ये टिपूविरुद्ध त्याने पेशव्यांशी व निजामाशी करार केला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या मुलखात होता, हे त्याच चिठ्ठीवर लिहा.